रविवारचे आमेन आणि सोमवारची सही

‘फादर, धर्म धर्माच्या जागी आणि व्यवहार व्यवहाराच्या जागी.’

हे वाक्य आम्ही आजवर किती ओट्यांवर, किती पडव्यांत आणि धर्मग्रामाच्या किती सभांत ऐकले याची गणती करणे कठीण आहे. ते उच्चारणारी माणसे देवाची वैरी नसतात. उलट, बहुधा ती भाविकच असतात. रविवारची मिस्सा ती चुकवीत नाहीत. उपवासकाळातील शुक्रवारी मांसाला शिवत नाहीत. ऑक्टोबर महिन्यात घरोघरी होणाऱ्या जपमाळेच्या प्रार्थनेस पहिल्या रांगेत बसतात आणि वेलंकनीची यात्रा करून आल्यावर शेजाऱ्यांना प्रसादही देतात. हे वाक्य ती उद्धटपणे बोलत नाहीत; जगाचा अनुभव नसलेल्या भोळ्या मुलाची समजूत घालावी तशा मायेने ती आमची समजूत घालतात.

आम्ही आज या वाक्याविरुद्ध लिहावयास बसलो आहोत. आपल्या तरुणांना निरनिराळ्या पंथांनी ओढून नेले अशी ओरड होते. मोबाईलने मुलांचे प्रार्थनेवरील चित्त उडाले अशीही तक्रार होते. दोहोंत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या घरात हे वाक्य सुभाषितासारखे बोलले जाते, त्या घरातील मूल चर्चपासून दुरावले तर त्याचा दोष पंथांना आणि यंत्रांना देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ते मूल मूर्ख नाही. बापाचा देव रविवारी सकाळी सात ते आठ या वेळेतच जिवंत असतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

हा काही आमचा नवा शोध नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, ओठांवरील श्रद्धा आणि रोजचे जीवन यांच्यातील फारकतीची गणना या युगाच्या गंभीर प्रमादांमध्ये केली. साठ वर्षे झाली. परिषदेनंतर वेदीचे तोंड लोकांकडे फिरल्याचे आपण अजून बोलतो. हा इशारा मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो.

निष्ठा म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. पवित्र भाकर हाती घेऊन आम्ही ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतो आणि आपण ‘आमेन’ म्हणता. हा हिब्रू शब्द. स्थिर असणे, पक्के असणे, भरवशाचे असणे अशा अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. त्याच धातूपासून ‘एमुना’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ श्रद्धा असाही होतो आणि विश्वासूपणा असाही होतो. आपल्या मराठीतही ‘विश्वास’ आणि ‘विश्वासू’ हे शब्द एकमेकांना लागूनच आहेत. देवावर माझा विश्वास आहे असे म्हणणाऱ्या माणसाला बायबल उलट विचारते की, बाबा रे, तुझ्यावर कोणी विश्वास ठेवू शकते काय? तुझ्याकडून भाजी घेणारी बाई ठेवू शकते काय? तुझ्या वाडीत राबणारा मजूर ठेवू शकतो काय? तुझी बहीण ठेवू शकते काय?

प्रथम तराजूकडे वळू. संदेष्टा आमोस हा मेंढपाळ होता; बाजारातील लबाडी त्याने जवळून पाहिली असावी. शब्बाथ केव्हा संपतो आणि आपण धान्य विकावयास केव्हा बसतो अशी चुळबुळ करणाऱ्या व्यापाऱ्यांचे चित्र त्याने रेखाटले आहे. त्यांचे माप लहान, वजन खोटे आणि तराजू कपटाचा. गव्हाबरोबर ते भुसाही विकीत. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे व्यापारी शब्बाथ मोडीत नव्हते! त्या दिवशी त्यांची दुकाने बंदच असत. उपासनेच्या बाबतीत त्यांच्यावर कोणी बोट ठेवू शकले नसते. तरीही परमेश्वराने आपण त्यांची कृत्ये कधीच विसरणार नाही अशी शपथ वाहिली.

आपल्या वसईच्या पट्ट्यातील आजे-पणजे केळी, भाजी, फुले आणि दूध घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठीत. त्या कष्टांवर आपली शिक्षणे झाली. त्या टोपल्यांतही वर ताजा माल आणि खाली शिळा माल असे कधी होत नव्हते, असा दावा आम्ही करणार नाही. पूर्वज होते म्हणून ते संत होत नाहीत. पण पुढे आपण टोपलीपेक्षा फार मोठ्या गोष्टी विकावयास काढल्या. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या विहिरींचे पाणी टँकरवाल्यांना विकले गेले. किनाऱ्यालगतच्या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे गोडे बेसुमार उपसले की खालचे खारे वर चढते. ही माहिती कोणापासून लपलेली नव्हती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचे कार्यकर्ते हेच गावोगाव ओरडून सांगत होते. तरी पंप चालू राहिले, आणि ज्याने पाण्याचा थेंबही विकला नाही अशा शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. बावखले बुजविली गेली, त्यांचीही हीच कथा. चोरी करू नको ही आज्ञा पाठ असलेली माणसे शेजाऱ्याचे गोडे पाणी त्याच्या डोळ्यांदेखत नेत होती आणि त्या कृत्याला ‘व्यवहार’ असे नाव होते.

दुसरी गोष्ट मजुरीची. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. दाबून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतो. नवीन घर आशीर्वादित करण्यासाठी आम्हांस वरचेवर बोलावणी येतात. अशाच एका प्रसंगी, आम्ही तीर्थ शिंपडीत खोलीखोलीतून फिरत असता, फाटकाबाहेर गवंडी आणि त्याचे दोन साथीदार उभे दिसले. त्यांना जेवणाचे आमंत्रण असेल अशी आमची कल्पना झाली. चौकशी करता कळले की, तीन महिन्यांची बाकी मागण्यासाठी ते आले होते. आज पाहुण्यांसमोर तरी मिळेल अशी त्यांना आशा होती. आत कॅटरर, मंडप आणि बँड यांचे पैसे आगाऊ चुकते झाले होते. त्या घराला आम्ही दिलेला आशीर्वाद देवाने कोणत्या वहीत लिहिला असेल, हा प्रश्न आम्हांस आजही सतावतो.

आता तिसरी गोष्ट. खरे पाहता तिच्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी साठीच्या घरातील एक भगिनी आमच्या कार्यालयात आली. (पापनिवेदनात नव्हे, तेथे ऐकलेले आमच्याबरोबर थडग्यात जाईल.) आदल्या दिवशी भावांनी तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले होते. हक्कसोडपत्र तयारच होते. वाचून दाखविण्याची तसदी कोणी घेतली नाही. ‘बाय, इथे सही कर, नुसती रीत आहे,’ असे थोरल्या भावाने सांगितले. तिने सही केली. चहा झाला, एक साडी मिळाली. ती आम्हांस एवढेच विचारीत होती : ‘फादर, भावांचं दार बंद होऊ नये म्हणून मी सही केली. बरोबर केलं ना?’

आणि आम्ही म्हणालो, ‘बरे केलेत. घराची शांती राखलीत.’

आमच्या धर्मगुरुपदाच्या आयुष्यात आम्ही दिलेल्या चुकीच्या उत्तरांमध्ये हे उत्तर फार वरच्या क्रमांकाचे आहे. पुढे ती जमीन विकली गेली. भावांचे बंगले झाले. बहीण वैधव्यात भाड्याच्या खोलीत राहिली. भावांनी चर्चला उदार देणगी दिली आणि आम्ही ती सणाच्या मिस्सेनंतर नावानिशी जाहीर केली. बहीण तेव्हा मागच्या बाकावर बसली होती.

कायदा काय म्हणतो? आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ सालचा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला तर विधवेला एक तृतीयांश हिस्सा मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान वाटले जाते. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. केरळातील त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना एका जुन्या संस्थानी कायद्यामुळे नाममात्र वाटा मिळे. मेरी रॉय या बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली तेथील भगिनींनाही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निर्णय झाला. आपल्याकडे तर तो आधीपासूनच लागू होता! म्हणजे आपल्या भगिनींच्या हिश्शाआड कायदा आला नाही. त्याच्या आड आले ते आपले सख्खे भाऊ, ती साडी आणि ती ‘रीत’.

या बाबतीत जे युक्तिवाद केले जातात त्यांना बगल देण्याची आमची इच्छा नाही. पहिला युक्तिवाद असा की, बहिणीच्या लग्नात खर्च केला, दागिने घातले, तोच तिचा वाटा. ठीक, मग भावाच्या लग्नाचा खर्च, त्याच्या शिक्षणाची फी आणि त्याला परदेशी धाडण्यासाठी दिलेले पैसे त्याच्या वाट्यातून वजा झाले काय? एकाच वहीत दोन प्रकारचे हिशेब मांडणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो? दुसरा युक्तिवाद असा की, जमिनीचे तुकडे पडतात. वाडी कसली जात होती तोवर या म्हणण्याला वजन होते. परंतु जी जमीन उद्या विकावयाचीच आहे तिचे तुकडे पडण्याची भीती कसली? पैसे पाच ठिकाणी वाटले म्हणून फाटत नाहीत. तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे : म्हाताऱ्या आईबापांची सेवा भावाने आणि भावजयीने केली. ही सेवा खरी असेल तर तिचे मोल अवश्य व्हावे. बहिणीला समोर बसवून ते उघडपणे ठरवावे. ती बहुधा स्वतःहूनच अधिक देऊ करील. मात्र सेवेची किंमत म्हणून तिचा संपूर्ण वाटा तिला न विचारता घेणे ही परतफेड नव्हे. चौथा युक्तिवाद असा की, तिने आपखुशीने सही केली. माहेरचे दार बंद होईल या धाकाने केलेली सही आपखुशीची म्हणावयाची असेल, तर नाबोथानेही आपला द्राक्षमळा आपखुशीनेच सोडला म्हणावे लागेल.

नाबोथाची कथा पहिल्या राजांच्या पुस्तकात आहे. वाडवडिलांचे वतन विकण्यास त्याने अहाब राजाला नकार दिला. राणी ईजबेलने राजाच्या नावे पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उठविली आणि ती नगरातील वडीलधाऱ्यांकडे पाठविली. उपवासाचा दिवस जाहीर झाला, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथ दगडमार होऊन मेला. या कथेत अहाब आणि ईजबेल यांना सगळेच दोष देतात. आम्हांस मात्र त्या वडीलधाऱ्यांची भीती वाटते. पत्र आले, मोहोर पाहिली आणि सांगितले तसे त्यांनी केले. कागद रीतसर होता. उपवासही रीतसर होता. आपल्या धर्मग्रामातील प्रतिष्ठित मंडळी, जी अशा कागदांवर साक्षीदार म्हणून सह्या करतात, आणि आम्ही धर्मगुरू, जे ‘शांती राखलीत’ असे म्हणतो, त्या सर्वांनी हा अध्याय गुडघ्यांवर बसून वाचावा.

बायबलमध्ये दुसरीही एक कथा आहे. सलाफहाद नावाचा मनुष्य पुत्र नसताना मरण पावला. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशे, याजक आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाच्या वतनात आपला वाटा मागितला. मोशेने स्वतः निवाडा केला नाही. त्याने तो प्रश्न परमेश्वरापुढे ठेवला. आणि परमेश्वराने सांगितले की, मुलींचे म्हणणे रास्त आहे. भाऊ असते तर त्या काळच्या नियमाने त्यांना वाटा मिळाला नसता, हे आम्ही जाणतो. कथेला आमच्या सोयीचा अर्थ चिकटवावयाचा नाही. पण ज्या काळी स्त्रीची साक्षही कोणी मोजीत नसे त्या काळी पाच बहिणींची तक्रार देवाने ऐकली आणि नियम बदलला. आमच्या कार्यालयात आलेल्या त्या भगिनीची तक्रार आम्ही देवापुढे ठेवलीच नाही. आम्ही स्वतःच निवाडा देऊन मोकळे झालो.

येथे कोणी म्हणेल की, फादर, तुम्ही वेदीवरून देवाचे बोला, सातबाऱ्याचे तलाठी बघेल. यावर आमचे उत्तर असे की, प्रभू येशू जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा तारणाचा विषय पैशांच्या हिशेबाशीच येऊन ठेपला. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत, असे जक्कयाने सांगितले. त्यानंतरच त्या घराला तारण लाभल्याचे प्रभूने जाहीर केले. जक्कयाने नोव्हेना करण्याचे वचन दिले असते तर त्याची गणना कोणत्या रांगेत झाली असती, ते ज्याने त्याने ठरवावे.

आणखी कोणी म्हणेल की, या जगात इतके सरळ राहून जगता येत नाही. आम्ही दोन उदाहरणे देतो. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होण्यापूर्वी पूर्वेकडील देशांत व्यापार करीत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे तो क्रुसावर हुतात्मा झाला. हुतात्म्याचे मरण आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल. परंतु व्यापाऱ्याचे जगणे पुष्कळांच्या वाट्याला आले आहे. दुसरे उदाहरण फ्रान्समधील. बाल येशूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन हे घड्याळजी होते आणि आई झेली लेस विणून घेण्याचा धंदा करीत असे. रविवारी गिऱ्हाईक अधिक येते हे माहीत असूनही लुईने त्या दिवशी दुकान उघडले नाही. झेलीच्या पत्रांतून तिला आपल्या कारागीर स्त्रियांची किती काळजी होती ते दिसते. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी या पतिपत्नींना एकत्र संतपद देण्यात आले. दुकान चालविणारी, नऊ अपत्यांना जन्म देऊन त्यांतील चार बालपणीच गमावणारी ही माणसे. व्यवहार त्यांनाही होता. पण त्यासाठी त्यांनी दुसरा देव ठेवला नव्हता.

इतके दूर कशाला? आम्हांस ठाऊक असलेल्या एका कुटुंबात तीन भाऊ आणि दोन बहिणी होत्या. जमिनीचे पैसे आले तेव्हा थोरल्या भावाने पाच लिफाफे केले. गावात त्यांची टवाळी झाली. ‘शेवटी फादरचं ऐकून येडे झाले’ असे लोक म्हणाले. वास्तविक आम्ही त्यांना काहीच सांगितले नव्हते. त्यांच्या आईने मरतेवेळी एवढेच सांगितले होते की, माझ्या पोटातून पाच जण आले. नाताळात त्या घरी पाचही कुटुंबे जेवावयास बसतात. अशी घरे आपल्यात आहेत. त्यांची नावे मात्र कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाहीत.

पाट्यांचा विषय निघाला म्हणून आमच्या घराची झाडलोट आधी करतो. देणगी कोठून आली हे आम्ही धर्मगुरूंनी बहुधा विचारले नाही. बाकावर नाव कोरले, सणात मान दिला. भावाभावांच्या भांडणात आम्ही प्रार्थनेचा सल्ला दिला, कारण न्यायाचा सल्ला महाग पडतो. विवाहपूर्व शिबिरांत आम्ही प्रेमावर दोन तास बोललो. वारशाच्या कायद्यावर दोन मिनिटेही बोललो नाही. लोकांनी ‘धर्म धर्माच्या जागी’ हे वाक्य कोठून शिकले असे कोणी विचारील तर अर्धे उत्तर आमच्याकडे आहे.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. विवाहपूर्व शिबिरात प्रत्येक जोडप्याला १९२५ च्या कायद्यातील वाटे समजावून सांगितले जावेत, म्हणजे उद्या कोणत्याही बहिणीला ‘रीत आहे’ असे सांगता येणार नाही. चर्चला दिलेली देणगी नावानिशी जाहीर करण्याची प्रथा धर्मग्रामांनी बंद करावी. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये ही शिकवण प्रभूचीच आहे. आणि घर आशीर्वादित करण्यासाठी बोलावणे आले की धर्मगुरूने आधी विचारावे : गवंड्याचे पैसे दिलेत काय? आम्ही स्वतः हा प्रश्न विचारू लागलो आहोत. दोन घरची आमंत्रणे त्यामुळे पुन्हा आली नाहीत. एका घरी मात्र गवंडी सर्वांच्या पंगतीला बसला.

देवाशी निष्ठा मोठ्या संकटात सिद्ध होते असे आपण समजतो आणि त्या संकटाची वाट पाहत आयुष्य काढतो. निष्ठेची परीक्षा सोमवारी सकाळी, बाजाराच्या ओट्यावर, पगाराच्या पाकिटापाशी आणि कचेरीच्या टेबलावर होते. वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा असे प्रभूने सांगितले आहे. त्याने ‘भावाच्या’ असे म्हटले. त्यात बहीण येत नाही असे आपल्यापैकी कोणाला वाटत असेल काय?

येत्या रविवारी ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द ऐकू आल्यावर आमेन म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. ज्याला कोणाचे देणे आठवेल त्याने ते सोमवारी देऊन टाकावे. ज्याला बहीण आठवेल त्याने तिच्या घरी जावे. रिकाम्या हाताने नव्हे आणि साडी घेऊन तर नव्हेच. आमच्या कार्यालयात आलेल्या त्या भगिनीकडे आम्हीही गेलो होतो. आमचे उत्तर चुकीचे होते हे तिला सांगण्यासाठी. ती म्हणाली, ‘फादर, आता काय उपयोग?’ तिचे म्हणणे खरे आहे. तिच्या बाबतीत फार उशीर झाला. वाचकांच्या बाबतीत तो अजून झालेला नसेल.